पिवळा बाण, लाल टॅग

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या माऊसच्या गळ्यात सुतळी बांधत होते. सुतळीला पत्त्याएवढा लाल पुठ्ठा, त्यावर ठळक अक्षरांत ‘काम चालू आहे, हात लावू नये’, आणि खाली तारीख, वेळ, सही. मला कामावर रुजू होऊन जेमतेम पंधरा मिनिटं झाली होती. नमस्कार नाही, जयभीम नाही, नाव-गाव नाही. गाठ पक्की झाल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “काय बदललं?”

“मी तर आत्ताच आले, काका.”

“म्हंजे तू बदलली. वहीत लिव.”

आणि खरंच त्यांनी एक जाडजूड वही माझ्यापुढे सरकवली. तीत चार रकाने होते: तारीख, मशीन, काय बदललं, सही. मी मुकाट्याने लिहिलं, ‘नवीन बाई आल्या’. त्यांनी ते वाचलं, मान डोलावली आणि टॅग सोडला. हा माणूस वेडा आहे असं मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं, आणि पुढची तीन-चार वर्षं त्यात फारसा बदल करावा लागला नाही.

आमची संस्था म्हणजे प्रताप नगरातल्या एका वाचनालयाचा वरचा मजला. नागपुरातल्या आणि आसपासच्या तालुक्यांतल्या घरांत छप्पन सालच्या दीक्षेपासूनचे कागद ट्रंकांमध्ये पडून असतात. पत्रं, सभांची पत्रकं, लग्नपत्रिका, गाण्यांच्या वह्या. लोक ते आमच्याकडे आणतात. आम्ही पानापानाचे फोटो काढतो, मजकूर वाचून टाइप करतो आणि मूळ कागद ज्याचे त्याला परत देतो. त्यासाठी पाच कॉम्प्युटर होते, पाचही कुणी ना कुणी दिलेले. त्यांच्यावर विंडोजऐवजी लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं. पण ते तीन वेगवेगळ्या स्वयंसेवकांनी तीन वेगवेगळ्या हौशींनी बसवलं होतं, आणि मग तिघेही नोकरीला लागून निघून गेले होते. एकाचा डेस्कटॉप एका घराण्याचा, त्यावर चालणारे प्रोग्रॅम दुसऱ्या घराण्याचे. एका घरात दोन सुना आणि दोन चुली, असा तो संसार होता. तो सांभाळायला काका होते.

काका मौद्याच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. वीज केंद्रांच्या कंट्रोल रूममध्येच त्यांचं आयुष्य गेलं. मूळ गाव भिवापूरकडचं, घरी मिरचीची शेती. कॉम्प्युटर कुणी शिकवला नाही, निवृत्तीनंतर स्वतःच शिकले. आमच्याकडे ते फुकट यायचे आणि पगारी माणसापेक्षा दहा मिनिटं आधी यायचे. वाचनालयात चपला दाराबाहेर काढायची पद्धत आहे. काका बाहेरचे बूट बाहेर काढत आणि पिशवीतून दुसरे, बोटांवर लोखंडी टोपी असलेले सेफ्टी शूज काढून आत घालत. हे बूट कधी रस्त्याला लागलेच नव्हते. “मशीनपाशी अनवाणी उभं राहायचं नसते,” एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. उभं राहायचं हेही खरंच होतं. बिघाड शोधताना ते खुर्चीवर बसत नसत. हात पाठीमागे बांधून पडद्यासमोर उभे राहत, जणू आता कुठला तरी काटा लाल रेषेकडे झुकणार आहे.

टॅगही मौद्याहूनच आलेला. तिथला नियम असा की यंत्रावर काम करायला जाणारा माणूस आधी बटणाला आपल्या सहीचा टॅग बांधतो, आणि तो टॅग ज्याने बांधला त्यानेच काढायचा. साहेब आला तरी त्याला हात लावायची परवानगी नाही.

“दुसऱ्यानं काढला तं आत गेलेला मानूस बाहेर येत नाही,” काका सांगायचे.

“पण काका, माऊसच्या आत कोण गेलंय?”

“त्याले काय मालूम. पाहून राहिलो.”

त्यांच्याजवळ वाक्यांचा साठा फार नव्हता, पण जी होती ती झिजेपर्यंत वापरत. ‘काय बदललं?’ हे पहिलं. कुणी म्हणालं, काहीच नाही, की लगेच, “मंग बिघडलं काहून?” ‘बंद करून पुन्हा चालू करून बघा’ म्हणणाऱ्याचा त्यांना मनापासून राग यायचा. “तसं केलं तं चोर पयून जाते, पकडल्या जात नाही.” एका वेळी दोन गोष्टी बदलणाऱ्याला ते मिरचीवरून सुनावत. देठ खुडलेला हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावला तर काय होतं ते भिवापूरच्या पोरांना सांगावं लागत नाही. तसा एक बदल तपासून, वहीत लिहून हात मोकळा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. आणि ‘नंतर लिहिते’ असं कुणी म्हटलं की ते डोळे मिटून घेत. “नंतर म्हंजे कधीच नाही. प्लांटात हा शब्द बंद होता.”

न लिहिता बदल केला तर शिक्षा ठरलेली होती: माऊसला लाल टॅग, आठवडाभर. त्या आठवड्यात सगळं काम नुसत्या कीबोर्डवर करायचं. मला ती एकदा मिळाली, पडद्यावरचं वॉलपेपरचं चित्र बदललं म्हणून. आठवडाभर मी टॅबचं बटण दाबत दाबत काकांच्या सात पिढ्या उद्धरल्या. आमच्या कार्यवाह साहेबांनाही एकदा मिळाली. त्यांनी आपल्या मशीनवर नातवाचा फोटो लावला होता. संस्थेचा कारभार पाहणारा माणूस, आणि त्याच्या माऊसला सुतळी! ते चार दिवस काकांशी बोलले नाहीत. काकांना त्याचा पत्ताही लागला नसावा, कारण काम नसेल तर ते स्वतःहून कुणाशी बोलतच नसत.

आता ताईंचं सांगते, कारण काका काय चीज आहेत हे मला ताईंमुळे कळलं.

ताई पन्नाशी ओलांडलेल्या. आमच्यात सगळ्यांत जुन्या. जुनं हस्ताक्षर वाचण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. भिवापूरहून एका घरातून गाण्यांच्या सात वह्या आल्या होत्या. लिहिणारी बाई मोठेपणी अक्षर शिकलेली. पाळण्याची गाणी, दीक्षेची गाणी, मिरची तोडताना रचलेली गाणी, सगळी एकाला एक चिकटवून लिहिलेली. शब्द कुठे संपतो, कुठे सुरू होतो, काही समजायचं नाही. मी एका ओळीवर अर्धा तास घालवून हात टेकले होते. ताई ती ओळ आधी गुणगुणायच्या. चाल बसली की शब्द आपोआप सुटे व्हायचे, आणि मग त्या टाइप करायच्या. त्यांच्या आईने अशीच गाणी म्हटली होती, तिथून ही चाल त्यांच्या कानात होती.

पण ताईंना काचबिंदू. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसायचं, कडेचं सगळं गेलेलं. त्यांच्यासाठी काकांनी पडद्यावरचा बाण, म्हणजे माऊस हलवला की हलतो तो, अंगठ्याएवढा मोठा आणि हळदीसारखा पिवळा करून दिला होता. त्यांचं काम दोन खिडक्यांत चालायचं. उजवीकडे टाइप करायची खिडकी, डावीकडे वहीच्या पानाचा फोटो. उजवीकडे बाण पिवळाधम्मक. डावीकडे नेला की त्याच क्षणी जिऱ्याच्या दाण्याएवढा, काळा. जुनाट तपकिरी पान, त्यावर काळी शाई आणि त्यात हा काळा बाण. आम्हा डोळसांनाही शोधावा लागायचा. ताई माऊस हलवत बसायच्या, मग नको तिथे क्लिक व्हायचं. एकदा अशानंच दिवसभराचं टाइप केलेलं पान न जतन होता बंद झालं. त्या वेळी कार्यवाह साहेब नेमके मागे उभे होते.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बैठकीत अगदी हळुवारपणे सांगितलं, की ताईंना त्रास होतोय, वह्यांचं काम महिनाअखेर बाहेर टायपिंगला देऊ. ताई खाली येणाऱ्या-जाणाऱ्यांचं स्वागत बघतील.  संध्याकाळी जिना उतरताना ताईंनी माझा हात धरला होता. म्हणाल्या, “पाहुण्यायले पानी द्यायचं मले वाईट नाही वाटत वं. पण मंग ते वही कोन गाईन?”

 मागून काका येत होते हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंच्या मशीनला लाल टॅग होता. साहेबांनी विचारलं तेव्हा काका म्हणाले, “काम चालू आहे. महिना संपेपर्यंत हा टॅग माहा आहे. दुसऱ्या कोनाले काढता येत नाही.” टॅग काढल्याशिवाय मशीन हलवता येत नव्हतं, आणि मशीन हलल्याशिवाय ताई हलणार नव्हत्या. साहेबांना नियम ठाऊक होता, भोगलेलाही होता. ते हात जोडून खाली गेले.

मग सुरू झाली काकांची गस्त. रोज सकाळी आलेखाच्या कागदावर ताईंच्या पडद्याचा नकाशा काढायचा. माऊस खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू करून प्रत्येक खिडकीवरून, प्रत्येक बटणावरून फिरवायचा. जिथे पिवळा तिथे पिवळ्या पेन्सिलीचा ठिपका, जिथे काळा तिथे काळा. मग एकच बदल. मग पुन्हा गस्त. मग वहीत नोंद. आणि मधल्या वेळात ताईंना काम करू द्यायचं, हेही त्या टॅगमध्ये बसतं असा त्यांनीच अर्थ लावला होता.

मला कंटाळा आला. मी म्हटलं, “काका, फोटो दाखवणारा प्रोग्रॅमच बदला ना. टाइप करायच्या प्रोग्रॅमच्या जातीतला दुसरा टाका. पाच मिनिटांचं काम.”

ते इतक्या जोरात ‘मलमपट्टी!’ म्हणाले की कूलरच्या आवाजातूनही खालच्या मजल्यावर ऐकू गेलं. मग मला बसवून समजावलं. हे मात्र त्यांचं वैशिष्ट्य, ओरडल्यावर समजावून सांगायचेच.

“बाण एक नसते वं. तुले वाटते का एकच बाण इकडून तिकडे जाऊन राहिला. तसं नाही. ज्या खिडकीवर गेलं, ते खिडकी आपला बाण काढते. कोनता काढाचा हे ते आपल्या घरच्या मोठ्यायले विचारते. हे खिडकी एका घरची, ते दुसऱ्या घरची. दोघींचे मोठे वेगळे. एका मोठ्यानं आपलं ऐकलं, दुसऱ्याले कोनी तरी वेगळंच सांगून ठेवलं आहे. आज मी खिडकी बदलली, उद्या ताई तिसरी उघडतीन. तिथंबी पुन्हा काळा. मंग ताईनं कितीदा हरवाचं?”

 शिवाय त्या फोटोच्या प्रोग्रॅममध्ये एक भिंग होतं, त्याची ताईंना सवय होती. मी पिवळी पेन्सिल टोकदार करून दिली.

पहिला आठवडा ताईंच्या खात्यातल्या सेटिंगांवर गेला. काळाच. दुसऱ्या आठवड्यात बाणांची चित्रं जिथे ठेवलेली असतात त्या फोल्डरमध्ये काकांनी एक छोटी फाईल केली, की कुणी विचारलं तर पिवळा सांगायचा. काळाच. आणखी एका फाईलमध्ये आकार लिहिला. काळा तो काळाच. नकाशांचा गठ्ठा वाढत होता आणि डावी बाजू जिरं सांडल्यासारखी होती. कुणी दुसरं असतं तर चिडलं असतं. काका चिडत नव्हते. दर अपयशानंतर त्यांचा चेहरा उलट थोडा खुलायचा. “हे नव्हतं. आता एक कमी झालं.”

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी मशीनवर एक कोरं खातं उघडलं, नवं घर, कशालाही हात न लावलेलं. तिथेही डावीकडे काळा. मग पेनड्राइव्हवरून वेगळं, ताजं लिनक्स चालवून पाहिलं आणि त्यात बाण मोठा पिवळा केला. सगळीकडे पिवळा! ताई टाळी वाजवणार होत्या, काकांनी हात वर करून थांबवलं.

“म्हंजे मशीन निर्दोष. प्रोग्रॅमबी निर्दोष. आपल्याच घरात, सगळ्यायच्या वर, कोनी तरी बसून आहे.”

महिना संपायला चार दिवस होते तेव्हा तो ‘कोणी तरी’ सापडला. कॉम्प्युटर सुरू होताना, कुणीही आपलं नाव सांगून आत शिरण्याआधी वाचली जाते अशी एक फाईल असते. तिच्यातला हुकूम सगळ्यांच्या वरचा. तिथे दोन ओळी होत्या: बाण साधा, आकार चोवीस. एका घराण्याचे प्रोग्रॅम हा हुकूम पाळत नव्हते, म्हणून त्यांच्या खिडकीत बाण पिवळा होता. दुसऱ्या घराण्याचे इमानेइतबारे पाळत होते. काकांनी खाली लिहिलेलं सगळं त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हतं.

काकांनी कपाटातून नोंदींच्या चारही वह्या काढल्या. पहिल्या पानापासून बोट फिरवत गेले. दोन तास लागले. त्या दोन ओळींची नोंद कुठेच नव्हती.

त्या फाईलीत लिहायला मुख्य पासवर्ड लागतो. तो दोघांनाच माहीत होता, काकांना आणि मला.

ते वळले. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. “काय बदललं?”

“मी नाही बदललं काही.”

“मंग हे कोनं लिवलं? ताईची खुर्ची जाऊन राहिली या दोन ओळींपायी. चूक झाली तं झाली, पण लिवाचं काहून नाही?”

“मी केलंच नाही तर लिहू काय?”

त्यांनी खिशातून टॅग काढला आणि सगळ्यांसमोर माझ्या माऊसला बांधला. ताई म्हणाल्या, “भाऊ, पोरगी तशी नाही.” काकांनी ऐकलं नाही. माझ्या अंगाचा भडका उडाला. रडू येत होतं, पण या माणसासमोर रडायचं नाही असं ठरवून मी त्यांच्याच मशीनवर गेले आणि त्यांनीच शिकवल्याप्रमाणे त्या फाईलची तारीख काढली. शेवटचा बदल दोन वर्षांपूर्वीचा. कॅलेंडरवर पाहिलं, तो रविवार होता.

रविवारी आम्ही बंद असतो. मी खाली जाऊन त्या वर्षाचा हजेरीपट आणला. त्या तारखेच्या रकान्यात सगळीकडे आडवी रेघ, आणि एकच सही. सरळ उभी, प्रत्येक अक्षर सुटं, वहीतल्या हजार नोंदींखाली असते तीच. मी हजेरीपट त्यांच्यापुढे ठेवला, सहीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, “काका, काय बदललं?”

जिंकल्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण तो फार वेळ टिकला नाही. काकांनी आपली सही वाचली, मग पुन्हा वाचली. चष्मा काढून शर्टाला पुसला. आणि उभे राहणारे काका पहिल्यांदाच खुर्चीत बसले.

हळूहळू त्यांना आठवलं. त्या आठवड्यात कुणीतरी टीव्हीएवढा मोठा पडदा दिला होता. त्यावर बाण काही खिडक्यांत उलथन्याएवढा दिसायचा. सोमवारी पाहुणे येणार होते. रविवारी एकटेच येऊन त्यांनी वरच्या फाईलीत दोन ओळी टाकल्या आणि बाण लहान झाला. वही भरली होती, शेवटचं पान संपलं होतं. नवी वही सोमवारी यायची होती.

“मी म्हटलं, नंतर लिवतो,” काका म्हणाले.

पुढे त्याच मशीनची जशीच्या तशी नक्कल त्यांनी बाकीच्या चारांवर उतरवली होती. ताईंच्या मशीनवरही.

 काकांनी माझ्या माऊसचा टॅग स्वतः सोडला. ‘चुकलं’ हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही, पण टॅगमागे त्यांनी ‘चुकीच्या मशीनला बांधला’ असं लिहून सही केली आणि तो माझ्या हातात दिला. तो अजून माझ्याकडे आहे. मग वही उघडून दोन वर्षांपूर्वीची नोंद केली, ‘उशिरा’ असा शेरा मारून. त्यानंतरच त्या दोन ओळी पुसल्या. मशीन बंद करून चालू केलं. या वेळी चोर पळायची भीती नव्हती.

“ताई, तुम्ही फिरवा,” काका म्हणाले.

ताईंनी माऊस धरला. पिवळा बाण उजव्या खिडकीतून निघाला, मधली रेघ ओलांडली आणि तसाच, पिवळाच्या पिवळा, वहीच्या पानावर येऊन उभा राहिला. “आला वं!” ताई ओरडल्या. त्यांनी तो परत नेला, परत आणला. अंगणातून घरात आणि घरातून अंगणात पळणाऱ्या पोरासारखं त्यांनी ते दहा-बारा वेळा केलं. माझे डोळे भरून आले आणि या वेळी मी ते लपवले नाहीत.

काकांनी मात्र नकाशा पूर्ण केला. एकही काळा ठिपका आला नाही. मग खिशातून नवा टॅग काढून ताईंपुढे धरला. “बांधा.”

“कोनाले, भाऊ?”

“माह्या माऊसले. नियम आहे.”

“जाऊ द्या ना भाऊ. सापडलं ना आता.”

“ताई, तुमची खुर्ची चालली होती. दुसऱ्या कोनाच्या सहीनं नाही चालनार.”

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, कारण हा माणूस ऐकणार नव्हता. ताईंनी बांधला. सही केली. आठवड्याची मुदत.

महिनाअखेरीला कार्यवाह साहेब आले आणि ताईंच्या मागे एक अख्खं पान होईपर्यंत उभे राहिले. ताई गुणगुणत होत्या, बाण इकडून तिकडे ये-जा करत होता, शब्द सुटे होत होते. पान संपल्यावर साहेब म्हणाले, “चालू द्या.” जिन्यापर्यंत जाऊन परत आले आणि जरा लाजून मला विचारलं, तसा पिवळा बाण त्यांच्याही मशीनवर होईल का. मी म्हटलं, होईल, पण वहीत लिहावं लागेल.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. काकांनी ती संपू दिली नाही.

त्या आठवड्यात काका नुसत्या कीबोर्डवर काम करत होते. आम्हाला वाटलं, माऊसशिवाय काय हाल होतात ते आता त्यांना कळेल. पण त्याच आठवड्यात ताई डॉक्टरकडे जाऊन आल्या. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही, हे त्यांनी डबा खाताना सहज सांगितलं. “पिवळाबी कधी कधी मावळते आता,” एवढंच वर म्हणाल्या. काकांच्या हातातली भाकर तशीच राहिली.

मुदत संपली. ताई टॅग सोडायला त्यांच्या टेबलापाशी गेल्या.

“आज नको, ताई. मी अजून शिकून राहिलो.”

दुसऱ्या आठवड्यातही नको. तिसऱ्यातही. ताईंच्या कामातली एकेक गोष्ट ते आपल्या माऊसबंद मशीनवर स्वतः करून पाहत होते. फोटोवर कसं जायचं, पान कसं उलटायचं, भिंग कसं आणायचं, टायपिंगमध्ये परत कसं यायचं, सगळं बाणाशिवाय. जमलं की पुठ्ठ्यावर बोटाएवढ्या जाड अक्षरात बटणांची नावं लिहायची आणि पुठ्ठा ताईंच्या टेबलासमोर लावायचा. एका वेळी एकच. तो हातात बसल्याशिवाय दुसरा नाही. ताई कंटाळायच्या, “भाऊ, दिसते आहे ना अजून,” म्हणायच्या. काका म्हणायचे, “दिसते आहे तवाच शिका. नंतर म्हंजे कधीच नाही.” एकदा ताई चिडून खुर्चीवरून उठल्या. काका तिथेच उभे राहिले, हात पाठीमागे, सेफ्टी शूजमध्ये. पाणी पिऊन ताई परत येऊन बसल्या.

असे तीन महिने गेले. काकांचा टॅग कूलरच्या वाऱ्याने फिका पडला, सुतळी काळपटली. सातवी वही शेवटच्या पानावर आली तेव्हा ताईंचा माऊस टेबलाच्या कडेला पडून असायचा. शेवटचं गाणं पाळण्याचं होतं. ताई ते चांगलं दोनदा म्हणाल्या, मग टाइप करून, दोन बटणं दाबून पान जतन केलं. बाण कुठे होता कुणास ठाऊक, त्याची गरजच पडली नाही.

मग त्या उठल्या. टेबलांच्या कडा चाचपत काकांच्या जागेपाशी गेल्या आणि टॅग शोधू लागल्या. हात एकदा वायरवर गेला, एकदा पाण्याच्या बाटलीवर. गाठ सापडली, पण तीन महिन्यांची आवळलेली, सुटेना. मी कात्री घेऊन पुढे झाले. काकांनी तळवा उभा केला.

“थांब. ताईचा टॅग आहे.”

काका तळवा तसाच धरून जागचे हलले नाहीत. ताईंनी नखांनी, मग दातांनी गाठ सैल केली. बराच वेळ लागला. शेवटी टॅग सुटला आणि त्यांनी तो अंदाजाने काकांच्या तळव्यावर ठेवला. “घ्या भाऊ. सुटले तुम्ही.”

काकांनी नाक ओढलं. वही उघडली, नोंद केली, आणि ताईंना सही कुठे करायची ते कळावं म्हणून ओळीखाली पट्टी धरली.

काका आता भिवापूरकडे गावीच असतात. मी फोन केला की पहिला प्रश्न अजून तोच येतो. नोंदींच्या वह्या माझ्या ताब्यात आहेत, ताई अजून कामावर आहेत, आणि कुणी ‘नंतर लिहितो’ म्हणालं की मीही डोळे मिटून घेते. कधीतरी मी टॅग सुटल्याच्या दिवसाचं पान काढून बघते. मशीनच्या रकान्यात काकांचं मशीन. शेवटच्या रकान्यात ताईंची सही, पट्टी असूनही दोन ओळींवर पसरलेली. आणि मध्ये, ‘काय बदललं’ या रकान्यात, काकांच्या सुट्या, सरळ अक्षरात फक्त एवढंच आहे: मी.